जोर मोजणारा पाना

न्यूयॉर्कच्या रस्त्यांखाली पाण्याचे आणि वाफेचे मोठे नळ आहेत. १९१८च्या सुमारास तिथल्या पाणीखात्यातल्या कॉनरॅड बार याला एकाच गोष्टीने छळले होते: नळजोडांचे बोल्ट कामगारांकडून गरजेपेक्षा जास्त आवळले जात. त्यावर उपाय म्हणून त्याने किती जोर लावला ते मोजणारा पाना, म्हणजेच टॉर्क पाना, बनवला. त्याचे पेटंट मिळायला मात्र १९३०चे दशक उजाडले.

मोटारीच्या इंजिनात हा पाना खरा मोलाचा ठरला. इंजिनाचा ब्लॉक आणि त्यावर बोल्टांनी बसवलेले हेड यांच्यामध्ये दबलेले पातळ गॅस्केट एकाच वेळी पेटलेला वायू, तेल आणि पाणी अडवते. एक बोल्ट घट्ट, शेजारचा सैल राहिला, की हेड वाकते आणि गळती सुरू होते. म्हणूनच बोल्ट मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला, दोन-तीन फेऱ्यांत आवळतात.

पण पानाही फसतो. त्याच्यावर लावलेल्या जोराचा सुमारे ९० टक्के भाग घर्षणातच जातो. बोल्टाचे आटे गंजलेले असतील, तर पान्याचा काटा बरोबर आकडा दाखवतो आणि बोल्ट मात्र पुरेसा ताणलेलाच नसतो.

गॅस्केट बदलायला गाडी द्याल तेव्हा मिस्त्रीला दोन गोष्टी जरूर विचारा: टॉर्क पाना आहे ना, आणि आटे साफ केले ना?