रायफलीच्या नळीचा पीळ आणि गोळीचे वजन

रायफलीच्या नळीच्या आतील पृष्ठभागावर सर्पिल खाचा कोरलेल्या असतात. त्यांमुळे गोळीला स्वतःच्या अक्षाभोवती फिरकी मिळते आणि ती टोक पुढे ठेवून स्थिरपणे जाते. खाचांचा एक पूर्ण वेढा नळीच्या जितक्या लांबीत पुरा होतो, त्या लांबीवरून पीळ मोजतात. १:१० पीळ म्हणजे १० इंचांत (२५४ मिमी) एक वेढा. आकडा जितका लहान तितका पीळ घट्ट. नवख्या वाचकाचा येथे हमखास गोंधळ होतो. गोळीचे वजन ग्रेनमध्ये सांगतात. १०० ग्रेन म्हणजे सुमारे ६.५ ग्रॅम.

वजन आणि लांबी

जड गोळीला घट्ट पीळ लागतो, असे सर्रास म्हटले जाते. ते ढोबळमानाने खरे असले तरी निर्णायक असते ती गोळीची लांबी. एकाच व्यासाची गोळी जड करायची तर ती लांबच करावी लागते, म्हणून वजनाचा हिशेब बहुधा जुळतो इतकेच. ब्रिटिश गणिती जॉर्ज ग्रीनहिल यांनी १८७९ मध्ये यासाठी सोपे सूत्र दिले: व्यासाच्या वर्गाला १५० ने गुणून लांबीने भागावे. वेग सेकंदाला सुमारे २,८०० फुटांहून अधिक असल्यास १५० ऐवजी १८० घेतात. सूत्र शिशाच्या गाभ्याच्या गोळीसाठी आहे.

१९५५ चे उदाहरण

अमेरिकेत १९५५ मध्ये .२४३ विंचेस्टर आणि .२४४ रेमिंग्टन ही दोन काडतुसे बाजारात आली. दोन्हींच्या गोळीचा व्यास एकच, ०.२४३ इंच. विंचेस्टरने नळीला १:१० पीळ दिला, तर रेमिंग्टनने लहान प्राण्यांच्या शिकारीचा विचार करून १:१२. वरील सूत्राने ०.८५ इंच लांबीच्या गोळीला सुमारे १२.५ इंचांचा पीळ पुरतो. एक इंच लांबीच्या गोळीला मात्र १०.६ इंचांचा लागतो. हरणाच्या शिकारीसाठी लोकांना १०० ग्रेनची लांब गोळी हवी होती. तिच्याबाबत रेमिंग्टनच्या नळीचा भरवसा नव्हता, आणि ग्राहक .२४३ कडे वळले. पुढे रेमिंग्टनने पीळ १:९ केला व १९६३ मध्ये काडतुसाला ६ मिमी रेमिंग्टन हे नाव दिले. तोवर बाजार हातचा गेला होता. काडतूस म्हणून .२४४ कुठेही उणे नव्हते.

शिकारीतील निवड

जड, निमुळती गोळी नळीतून सावकाश निघते. पण हवेचा रोध कमी असल्याने दूरवर वेग टिकवते व वाऱ्याने कमी ढळते. म्हणून लांब पल्ल्यासाठी घट्ट पीळ पसंत केला जातो; ६.५ क्रीडमूरला (२००७) साधारणतः १:८ असतो. पीळ अपुरा असेल तर गोळी डुलते, कधी आडवी होऊन कागदावर लांबट भोक पाडते. जनावरावर याचा अर्थ जखमी होऊन निसटणे असा होतो. थंड, दाट हवेत स्थिरता आणखी घटते. त्यामुळे उन्हाळ्यात जेमतेम चालणारी जोडी हिवाळ्यात दगा देऊ शकते. उलट, फार घट्ट पिळाने पातळ आवरणाची हलकी गोळी हवेतच फुटण्याची शक्यता असते.

शिसेविरहित गोळ्या

कॅलिफोर्नियात काँडोर गिधाडांना होणाऱ्या शिशाच्या विषबाधेमुळे १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांबे शिशाहून हलके असल्याने तेवढ्याच वजनाची तांब्याची गोळी अधिक लांब होते. परिणामी जुन्या, सैल पिळाच्या रायफलीत नेहमीपेक्षा कमी वजनाची गोळी निवडावी लागते.