आफ्रिकी चित्रपटांचा विकासनिधी
चित्रीकरणापूर्वी पटकथालेखन, संशोधन व सहनिर्मात्यांचा शोध यांसाठी दिल्या जाणाऱ्या अर्थसाहाय्यास विकासनिधी म्हणतात. या टप्प्यावर दाखवण्याजोगे काहीच हाती नसल्याने खासगी भांडवल सहसा पुढे येत नाही. आफ्रिकी दिग्दर्शकांना हा आधार बव्हंशी युरोपातून लाभला. रॉटरडॅम महोत्सवाचा ह्यूबर्ट बाल्स निधी १९८८ पासून कार्यरत असून ‘कोर्ट’ (२०१४) या मराठी चित्रपटाच्या पटकथेसही त्याचे साहाय्य झाले होते. मात्र निधी परका असला की कथा कोणासाठी सांगायची, हा प्रश्न उरतोच. सेनेगलने स्वतःचा शासकीय चित्रपटनिधी उभारला. पॅरिसमध्ये जन्मलेले सेनेगली वंशाचे दिग्दर्शक आलँ गोमिस यांच्या ‘फेलिसिते’ला त्याचे पाठबळ मिळाले. मुलाच्या उपचारांसाठी पैसे जमवणाऱ्या किन्शासातील गायिकेची ही कथा २०१७ मध्ये बर्लिन महोत्सवात ‘रौप्य अस्वल’ पारितोषिकाची मानकरी ठरली.