समुद्रावरचे दिवस कुणी लिहिले?

मुंबईहून जेद्दाला विमान साधारण पाच तासांत पोहोचतं. एक जेवण आणि एक डुलकी झाली की सौदीचा किनारा दिसू लागतो. हाच प्रवास १९९५ पर्यंत जहाजानेही होत असे. आगबोटीला आठवडा-दहा दिवस लागत. त्याआधीच्या शिडाच्या गलबतांना कित्येक आठवडे लागत, आणि मोसमी वारा चुकला तर वर्ष वाया जाई.

हजवर आपल्याकडे भरपूर लिहिलं गेलं आहे. मक्का, मदिना, अराफात, सगळ्यांची वर्णनं आहेत. पण मुंबईची गोदी सोडल्यापासून जेद्दा दिसेपर्यंतचे दिवस या लेखनात एक-दोन परिच्छेदांत उरकले जातात. चहूबाजूंनी पाणी, करायला काम नाही, उतरायला जागा नाही. हजारेक माणसं त्या दिवसांचं काय करत होती? मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण शतकानुशतकं सामान्य मुसलमानाच्या आयुष्यातला हा सर्वांत लांबचा प्रवास होता, आणि अनेकांसाठी शेवटचाही.

ज्यांच्या हाती लेखणी होती

१५७५ साली अकबराची आत्या गुलबदन बेगम फतेहपूर सिक्रीहून हजला निघाली. सोबत राजघराण्यातल्या स्त्रिया होत्या. अरबी समुद्रावर तेव्हा पोर्तुगिजांचा वचक होता. त्यांच्या परवान्याशिवाय जहाज हाकारणं धोक्याचं. त्या परवान्यासाठी बादशहाच्या आत्यालाही सुरतेत जवळपास वर्षभर थांबावं लागलं. परतीच्या वाटेवर एडनजवळ जहाज फुटलं आणि तिथे कित्येक महिने अडकून पडावं लागलं. ती घरी पोहोचली १५८२ मध्ये. गुलबदनने पुढे ‘हुमायूननामा’ लिहिला, पण त्याची आज हाती असलेली प्रत मध्येच तुटते. त्यात हजचा प्रवास नाही. जहाजावर त्या बायकांचे दिवस कसे गेले, हे आपल्याला तिच्या तोंडून कळत नाही.

शंभर वर्षांनी औरंगजेबाची मुलगी झेबुन्निसा हिच्या आश्रयाने सफी बिन वली कझविनी हा विद्वान १६७६-७७ मध्ये हजला गेला. त्याने फारसीत ‘अनीस-उल-हुज्जाज’ लिहिलं. नावाचा अर्थ हाजींचा सोबती. निघणाऱ्याला उपयोगी पडेल असा व्यवहारी सल्ला त्यात आहे, आणि त्याच्या सचित्र प्रतींत जहाजं आणि बंदरंही दिसतात. १८६३-६४ मध्ये भोपाळची सिकंदर बेगम मुंबईहून आगबोटीने गेली. तिने आपल्या प्रवासाची हकिगत लिहिली आणि १८७० साली तिचा इंग्रजी अनुवाद छापून आला. जेद्दातल्या जकातीच्या कटकटीपासून शहरातल्या घाणीपर्यंत तिने कशाचीच भीडभाड ठेवलेली नाही.

आपल्या कोकणातलं दाभोळ हे आदिलशाहीचं मोठं बंदर. इथूनही मक्केकडे जहाजं सुटत. दाभोळच्या खाडीकाठी सतराव्या शतकातली देखणी मशीद आजही उभी आहे. विजापूरची एक शहजादी हजसाठी इथवर आली, समुद्र सुरक्षित नसल्याने तिला पुढे जाता आलं नाही, आणि प्रवासासाठी आणलेला पैसा तिने मशिदीवर खर्च केला, अशी तिची आख्यायिका सांगतात. न झालेल्या प्रवासाचीही आठवण राहिली, कारण ती शहजादी होती.

सतरंजीएवढी जागा

मग डेकवरच्या माणसाचं काय? एकोणिसाव्या शतकात आगबोटी आल्या, १८६९ मध्ये सुएझ कालवा खुला झाला आणि तांबड्या समुद्रातली वाहतूक वाढली. भाडं गरिबाच्या आवाक्यात येऊ लागलं. १८७७ साली मुंबईत बॉम्बे अँड पर्शिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी निघाली. तीच पुढे मुघल लाइन म्हणून घराघरांत माहीत झाली. शेतकरी, विणकर, खलाशी, म्हाताऱ्या विधवा असे सगळे आयुष्यभराची पुंजी गाठीला बांधून मुंबईत येऊ लागले. मुसाफिरखान्यात जहाजाची वाट पाहत दिवस काढायचे आणि बोलावणं आलं की वळकटी, पत्र्याची पेटी, तांदूळ-डाळीचं गाठोडं घेऊन गोदी गाठायची.

केबिन मोजक्यांना मिळे. बाकीच्यांचं घर म्हणजे सतरंजी पसरेल एवढी जागा. सुरुवातीच्या काळात शिधा आपला आणि रांधायचंही आपणच. जहाजाकडून पाणी आणि सरपण मिळे, तेही मोजून. शिजवलेलं अन्न जहाजानेच द्यायची पद्धत विसाव्या शतकात रुळली. गर्दी इतकी असे की सरकारला वारंवार कायदे करावे लागले. त्यात कॉलऱ्याची धास्ती. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कामरान बेटावर हाजींना उतरवून घेतलं जाई. कपडे वाफेच्या भट्टीतून काढायचे, अंघोळी घालायच्या आणि सक्तीने काही दिवस वेगळं ठेवायचं. समोर हिजाझ, आणि मुक्काम मात्र वाळूच्या बेटावर.

गरिबांच्या या प्रवासात पैसाही मोठा होता. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या सिंदिया कंपनीने १९३७ च्या सुमारास ‘एल मदिना’ आणि ‘एल हिंद’ या बोटी हजच्या मार्गावर उतरवल्या, तेव्हा मुघल लाइनशी भाड्याची जोरदार चढाओढ लागली. ही दोन्ही जहाजं १९४४ मध्ये महायुद्धाच्या धामधुमीत नष्ट झाली.

दिवस भरत कसा होता?

कायदे, भाडी, कामरानच्या नोंदी हे सगळं दप्तरात आहे. दिवस कसा सरायचा ते दप्तरात नाही. ते ऐकावं लागतं. आमची फुफी, म्हणजे आत्या, जहाजाने हज करून आली होती. मी तिला प्रवासाबद्दल विचारलं तेव्हा तिला सर्वांत आधी आठवला तो गोड्या पाण्याचा नळ. त्याच्या रांगेत ओळखी झाल्या, भांडणं झाली, समेटही झाला. समुद्राच्या पाण्याने वजू होतो, शरीयतची त्याला हरकत नाही. पण अंगावर मिठाचा थर चढतो आणि कपडे वाळले की पापडासारखे कडक होतात. पहिले दोन-तीन दिवस उलट्यांत गेले. एकमेकींचं डोकं धरता धरता परक्या बायका नावानिशी कळल्या.

मग नमाज. दिवसाचे पाच भाग आपोआप पडत. पण जमिनीवर जे कधी विचारावं लागत नाही ते समुद्रावर रोज विचारावं लागे: किब्ला कुठे? मुंबईत किब्ला पश्चिमेला. जहाज एडनच्या आखातात शिरलं की तो वायव्येकडे सरकतो. बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी ओलांडली की जवळजवळ उत्तरेला, म्हणजे जहाजाच्या नाळेच्या दिशेने येतो. जेद्दाला उतरलात की किब्ला पूर्वेला! जन्मभर मावळतीकडे तोंड करून नमाज पढलेली माणसं काही दिवसांत उगवतीकडे वळत. भूगोलाचं पुस्तक न उघडता आपण कुठून कुठे आलो, हे त्यांना कळत होतं.

डेकवर आणखी एक शाळा भरे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई, तर उत्तरेकडचे आणि दख्खनचे बहुतेक हनफी. प्रवासात शाफई माणूस जुहर आणि असर एकत्र पढू शकतो; हनफी तसं करत नाही. गावात ज्यांना दुसरा मसलक कधी दिसलाच नव्हता, त्यांना शेजारच्या सतरंजीवर तो दिवसातून पाच वेळा दिसत होता. वाद होत असणारच. पण जागा सोडून जाणार कुठे? एकाच छताखाली दोन्ही रीती चालवून घेणं भाग होतं. त्याच गर्दीत जाणकार मंडळी हजचे अरकान समजावून सांगत, निरक्षर माणसं दुआ पाठ करत. उतरेपर्यंत अनेकांची तयारी जहाजावरच पुरी होई.

मरणही सोबतीला होतं. कित्येकांनी कफन बरोबर घेतलेलं असे. कुणी वारलं तर गुस्ल, जनाज्याची नमाज आणि वजन बांधून मय्यत पाण्यात सोडणं. कबर नाही, फातिहा पढायला दगड नाही. मागे राहिलेल्यांनी तो दिवसही पाच नमाजांत बसवायचा. शेवटी यलमलमच्या समोर जहाज आलं की सूचना होई. पुरुष शिवलेले कपडे उतरवून एहरामच्या दोन चादरी गुंडाळत आणि ‘लब्बैक’चा गजर सुरू होई. आता केबिनवाला आणि डेकवाला कपड्यांवरून ओळखू येत नसे.

‘जेद्दा’ जहाजाची साक्ष

डेकवरची माणसं काय करू शकत होती, याचा एक लेखी पुरावा मात्र आहे. ऑगस्ट १८८० मध्ये ‘जेद्दा’ नावाची आगबोट सिंगापूर-पेनांगकडून ९०० हून अधिक हाजींना घेऊन चालली होती. वादळात यंत्रं बिघडली, तळात पाणी शिरलं. गार्दाफुई भूशिराजवळ कप्तान आणि त्याचे गोरे अधिकारी रात्री होडीत बसून पळून गेले. दुसऱ्या जहाजाने त्यांना उचललं आणि एडनला त्यांनी जहाज बुडाल्याची बातमी दिली. दुसऱ्याच दिवशी ‘अँटेनॉर’ या जहाजाने ‘जेद्दा’ ओढत एडनला आणली. हाजी जिवंत होते. कप्तान नसलेल्या जहाजातलं पाणी ते उपसत राहिले होते.

जोसेफ कॉनरॅडची ‘लॉर्ड जिम’ ही १९०० मधली प्रसिद्ध कादंबरी याच घटनेवरून सुचली. ती पळून गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्याच्या अपराधी मनाची गोष्ट आहे. ज्यांनी जहाज तरंगतं ठेवलं ते तिच्यात पार्श्वभूमीला राहतात.

आपल्या घरांत ‘जहाजाचा हजच खरा’ असं म्हणायची सवय आहे. मला ते पूर्ण पटत नाही. नळाच्या रांगेत किंवा कामरानच्या वाळूत काही पवित्र नव्हतं. गरिबाला दुसरा रस्ता नव्हता, एवढंच. विमानाने म्हाताऱ्या माणसांचे हाल वाचवले, हे चांगलंच झालं. पण त्या हालांतही माणसांनी रिकाम्या दिवसांना वळण लावलं, परक्यांना शेजारी केलं, एकमेकांची नमाज सोसली. हे श्रेय कंपनीचं नाही आणि सरकारचंही नाही. ते डेकवरच्या माणसांचं आहे.

शेवटच्या जहाजाला तीस वर्षं झाली. त्यातून गेलेली माणसं आता सत्तरी-ऐंशी ओलांडून गेली आहेत. तुमच्या घरात, मोहल्ल्यात असं कुणी असेल तर मक्केचं नंतर विचारा. ते पुस्तकांत आहे. आधी विचारा: जहाजावर तुमची सतरंजी कुठे होती, आणि शेजारी कोण होतं?