वसई ते लिस्बन: अंतर किती?

फोनवर ‘मुंबई ते लिस्बन’ असं टाका. सरळ रेषेत सुमारे ८ हजार किलोमीटर दिसतील. मध्ये कुठेतरी विमान बदलावं लागतं, पण वसईहून निघालेला माणूस एका दिवसात तिथे पोहोचतो. मेसेज तर त्याच क्षणी पोहोचतो.

वसईच्या किल्ल्यातून हेच अंतर मोजलं जायचं, तेव्हा हिशेब वेगळा होता.

२३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशहा याने तह करून वसई पोर्तुगिजांना दिली. पुढे दोनशेहून अधिक वर्षं इथला कारभार पोर्तुगालच्या राजाच्या नावाने चालला. राजा मात्र आफ्रिकेला वळसा घालून जाणाऱ्या, जवळपास २० हजार किलोमीटरच्या समुद्रमार्गापलीकडे होता. लिस्बनहून जहाजं मार्च-एप्रिलमध्ये सुटत आणि नैऋत्य मोसमी वाऱ्यावर सप्टेंबरच्या सुमारास गोव्याला लागत. परतीसाठी वारा फिरायची वाट पाहावी लागे, म्हणून ती डिसेंबर-जानेवारीत निघत. जानेवारीत धाडलेल्या पत्राचं उत्तर पुढच्या वर्षीच्या सप्टेंबरात! तेही जहाज वाटेत बुडालं नाही तर.

आता १७३९ साल पाहा. मराठ्यांची मोहीम दोन वर्षांपूर्वीच सुरू झाली होती, ठाणं आणि साष्टी हातची गेली होती. फेब्रुवारीत चिमाजी अप्पांनी वसईला वेढा आवळला. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, म्हणून मारा जमिनीच्या बाजूने. तटाखाली सुरुंग खणले गेले आणि दोन्हीकडची असंख्य माणसं पडली. मराठ्यांच्या पाठीशी पुणं होतं, दोनशे किलोमीटरच्या आत. माणसं, दारूगोळा, निरोप, सगळं काही दिवसांच्या वाटेवर.

वसईच्या पाठीशी कोण होतं? जवळचा आधार गोवा, पण त्याच वर्षी मराठी फौजा गोव्यातही घुसल्या होत्या. तिथला व्हाइसरॉय स्वतःच अडचणीत होता. उरलं लिस्बन. वेढा चालला तीन महिने आणि लिस्बनला नुसता निरोप पोहोचायलाच त्याच्या दुप्पट वेळ. म्हणजे राजाने मदत करायची ठरवली असती, तरी ती वाचवणार होती हातातून गेलेली वसई.

१६ मे १७३९ रोजी शरणागतीचा करार झाला. २३ मे रोजी पोर्तुगीज आपल्या माणसांसह किल्ल्याबाहेर पडले.

लिस्बनने मदत पाठवलीच नाही, असं नाही. लुरिसालचा मार्क्विस नवा व्हाइसरॉय म्हणून फौजेसह गोव्यात उतरला तो १७४१ साली. वसई पडून दोन वर्षं झाली होती. त्याने बार्देशात भोसल्यांशी लढाई केली, पण वसई पोर्तुगिजांना पुन्हा कधीच मिळाली नाही.

या पराभवाची कारणं अनेक आहेत: मराठ्यांची जिद्द, चिमाजी अप्पांचं नेतृत्व, पोर्तुगिजांकडे माणसांची आणि पैशांची चणचण. पण अंतराला त्या यादीत शेवटचं स्थान देऊ नये. सत्ता टिकायची तर संकटाची बातमी संकट संपायच्या आत पोहोचावी लागते.

आज वसईतल्या कितीतरी घरांतली मुलं आखातात, युरोपात, कॅनडात आहेत. आई रात्री व्हिडिओ कॉलवर विचारते, “जेवलास का रे?” उत्तर लगेच येतं. पुढच्या वेळी किल्ल्यात गेलात, तर छप्पर उडालेल्या चर्चमधल्या जमिनीवरचे पोर्तुगीज थडग्यांचे दगड जरा थांबून बघा. त्याखालच्या माणसांच्या मरणाची बातमी घरी पोहोचेपर्यंत इथे त्यांच्यावर एक अख्खा पावसाळा पडून गेला असेल.