पुण्याची माती समुद्रापर्यंत पोचते का?

जुलै महिन्यात पुण्यात संगमाजवळ उभे राहून पाहिले, तर नदीचे पाणी चहासारखे दिसते. हा रंग असतो सह्याद्रीच्या झिजलेल्या काळ्या खडकाचा, म्हणजे गाळाचा. हा गाळ जातो कुठे? नकाशा समोर ठेवला की मुले पटकन सांगतात : मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा रायचूरच्या बाजूला कृष्णेला आणि कृष्णा आंध्रात बंगालच्या उपसागराला. तेव्हा गाळ समुद्रात! उत्तर बरोबर आहे; पण ते बरेचसे इतिहासजमा झाले आहे.

हिमयुगानंतर चढत गेलेली समुद्राची पातळी सुमारे सहा-सात हजार वर्षांपूर्वी बरीचशी स्थिरावली. त्यानंतर कृष्णेने आणलेल्या गाळाने किनारा पुढे सरकत गेला. आजच्या किनाऱ्यापासून कित्येक किलोमीटर आत जुन्या पुळणींच्या वाळूच्या रांगा सापडतात, त्या या वाटचालीच्या खुणाच आहेत.

गाळ नदीच्या मुखाशीच का साचतो? एक कारण म्हणजे तिथे पाण्याचा वेग मंदावतो. दुसरे कारण वर्गात दाखवता येते. दोन काचेच्या पेल्यांत काळ्या मातीचे सारखेच गढूळ पाणी घ्या. एकात चमचाभर मीठ विरघळवा आणि दोन्ही पेले न हलवता ठेवा. मिठाचे पाणी लवकर निवळेल. मातीच्या अतिसूक्ष्म कणांवर ऋण विद्युतभार असल्याने ते एकमेकांना दूर ढकलतात. मिठामुळे हे ढकलणे दुबळे होते, कण एकत्र येतात आणि जड होऊन तळाशी बसतात. नदीमुखाशी भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्यात हेच घडते. चिखलाचे सपाट पट्टे तयार होतात, त्यांवर खारफुटी रुजते आणि तिच्या मुळांत आणखी गाळ अडकतो.

माणसाला हा गाळ कधी अडचणीचा वाटला, कधी वरदान. या त्रिभुज प्रदेशाच्या कडेला असलेल्या मच्छलीपट्टण बंदरात इंग्रजांनी १६११ साली वखार घातली. पण किनारा इतका उथळ, की मोठी जहाजे दूर समुद्रातच नांगरावी लागत. याच गाळाच्या जमिनीवर भात पिकवण्यासाठी १८५५ साली बेझवाड्याला, म्हणजे आजच्या विजयवाड्याला, कृष्णेवर बंधारा पुरा झाला. पुढे नदीच्या वरच्या भागात नागार्जुनसागर, श्रीशैलम अशी मोठी धरणे उभी राहिली. पाणी अडले, तसा गाळही अडला. १९६० च्या दशकाशी तुलना करता, एकविसाव्या शतकाच्या आरंभी समुद्राकडे जाणारा कृष्णेचा गाळ ९० टक्क्यांहून अधिक घटला होता.

आपल्या मातीची वाट तर त्याहून अलीकडेच अडते. भीमेवरचे उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. जलाशयाच्या शेपटाकडे, भिगवणजवळ, नदी संथ होते आणि गाळ टाकते. इथे मीठ नाही. पण पाणी महिनोन्महिने जवळजवळ स्थिर असल्याने बारीक कणही खाली बसतात. उन्हाळ्याकडे पाणी उतरले की चिखलाची मैदाने उघडी पडतात आणि उथळ पाण्यात रोहित पक्ष्यांचे थवे चरताना दिसतात. म्हणजे नदीमुखाशी होणारे काम समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत होऊ लागले.

या नव्या पाणथळीची किंमत मात्र दोन्हीकडे मोजावी लागते. इकडे गाळाने जलाशयाची साठवण घटत जाते. तिकडे समुद्राच्या लाटा रोज माती नेतात, पण भरपाईला नवी माती पुरेशी येत नाही. त्यामुळे त्रिभुज प्रदेशाचा किनारा काही ठिकाणी मागे हटतो आहे. १९ नोव्हेंबर १९७७ च्या चक्रीवादळात याच भागातील दिवीसीमेत हजारो माणसे दगावली. अशा किनाऱ्यावर खारफुटी लाटांचा जोर कमी करते, आणि खारफुटीला पायाखाली चिखल लागतो.

धरण बांधताना आपण पाण्याचा हिशोब टीएमसीत मांडतो. त्याच्या शेजारी गाळाचाही एक रकाना हवा. वर्गात नकाशावर बोट संगमापासून खाली नेताना उजनीशी क्षणभर थांबावे आणि मुलांना विचारावे : इथून पुढे पाणी जाईल, माती किती जाईल?