तीन ठग आणि चौथा माणूस

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यात देवगाव फाटा या नावाचे एक ठिकाण आहे. त्याची हकीकत नावातच आली. मोठ्या रस्त्यास जेथे दुसरा रस्ता फुटतो, तेथे चार दुकाने उभी राहतात, एस्टीची वाट पाहत माणसे थांबतात आणि थांबलेली माणसे बोलतात. दरसाल १७ सप्टेंबर रोजी मराठवाड्यातील इतर गावांप्रमाणे या परिसरातही झेंडावंदन होते आणि १९४८ साली याच दिवशी निजामाची राजवट कशी शरण आली, हे मुलांस सांगितले जाते. ते सांगितलेच पाहिजे. परंतु त्या दिवसाच्या मागेपुढे जो काळ गेला, त्यात एक असा प्रश्न दडलेला आहे की, जो झेंड्याखालच्या भाषणांत सहसा निघत नाही. एरवी शहाणीसुरती असलेली हजारो माणसे उघड उघड खोट्या गोष्टींच्या मागे कशी वाहवत गेली? आणि जी थोडी माणसे वाहवली नाहीत, त्यांस ते कशाच्या बळावर साधले?

या प्रश्नाचे अर्धे उत्तर आपल्याकडे फार पूर्वीच देऊन ठेवलेले आहे. पंचतंत्रातील ब्राह्मण आणि तीन ठग यांची गोष्ट आपण सर्वांनी लहानपणी ऐकली आहे. ब्राह्मण खांद्यावर बोकड घेऊन चालला आहे. वाटेत एक ठग भेटतो आणि म्हणतो, कुत्रे कशाला वाहता? पुढे दुसरा भेटतो, त्याच्याही पुढे तिसरा. शेवटी ब्राह्मण बोकड टाकून पळ काढतो. आपण ही गोष्ट ब्राह्मणाच्या भोळेपणाची म्हणून सांगतो; पण ती तशी नाही. ब्राह्मणास डोळे होते, बोकडाचे वजन त्याच्या खांद्यावर होते आणि पहिल्या ठगास त्याने धुडकावूनही लावले होते. त्याचा पराभव झाला तो निराळ्याच कारणाने. तीन माणसे, परस्परांची ओळख नसलेली, एकच गोष्ट सांगत आहेत असे त्यास वाटले. वस्तुतः तिघांचा कट एक होता. प्रचाराची सारी विद्या एवढ्यात आली. खोटे पटवून देण्याची त्यास फारशी गरज नसते; ‘इतर सर्वांस हे पटले आहे’ एवढे भासविले म्हणजे पुरते.

निजामाच्या हैदराबाद संस्थानात १९४६ पासून १९४८ पर्यंत हेच घडले. दीड कोटीहून अधिक वस्तीचे हे राज्य. त्यात मुसलमान शंभरांत बारा-तेरा. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे मराठी जिल्हे त्यात मोडत. राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. जाहीर सभा घ्यावयाची तर सरकारची आगाऊ परवानगी लागे. सभाबंदीची ५३ क्रमांकाची गश्ती त्या काळच्या कार्यकर्त्यांच्या आठवणींत पदोपदी भेटते. १९३७ साली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन परतूर येथे, म्हणजे तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातच भरले. पण असे प्रसंग विरळा. लिहितावाचता येणारी माणसे शंभरांत दहासुद्धा नव्हती. अशा मुलखात बातमी छापखान्यातून यावयाची नाही. ती बाजारच्या दिवशी, फाट्यावर आणि पारावर तोंडातोंडी फिरावयाची. ज्या समाजास चारचौघांत मोकळेपणाने बोलता येत नाही, त्यास आपला शेजारी मनात काय म्हणतो हेही कळत नाही. सभाबंदीने भाषणे थांबतात एवढाच तिचा परिणाम नव्हे; माणूस आपल्या मताविषयी एकटा पडतो, हा तिचा खरा परिणाम होय.

या एकाकीपणावर रझाकारांचा प्रचार पोसला. इत्तेहादुल मुसलमीन ही संघटना १९२७ सालची. तिचे नामांकित पुढारी बहादुर यार जंग १९४४ साली वारले आणि १९४६ च्या अखेरीस लातूरचे वकील कासिम रझवी तिचे अध्यक्ष झाले. संस्थानातील प्रत्येक मुसलमान हा स्वतःच राज्यकर्ता असून निजाम हे त्या सत्तेचे केवळ प्रतीक आहे, असा सिद्धान्त ही संघटना सांगत असे. विचार करून पाहा, हे कोणास सांगितले जात होते? विणकराला, शिपायाला, पोटापुरती जमीन नसलेल्या कुळाला. ज्याच्या घरात दोन वेळची भाकर नाही, त्यास तू राजा आहेस असे सांगितले की, ते खरे आहे काय हे पाहण्याची त्यास इच्छाच उरत नाही. त्याच दमात दुसरी गोष्ट सांगितली जाई : हे राज्य गेले तर तुमचा सर्वनाश होईल. आधी मान, मग भीती. या दोन दोरांनी माणूस बांधला गेला की, लाल किल्ल्यावर आसफजाही निशाण फडकेल, बंगालचा उपसागर निजामाचे पाय धुईल, असल्या वल्गनाही त्यास वावग्या वाटत नाहीत. प्रत्यक्षात १३ सप्टेंबर १९४८ रोजी भारतीय सैन्य आत शिरले आणि पाचव्या दिवशी सर्व आटोपले.

मात्र एवढ्यावरून हा केवळ अडाण्यांचा रोग होता असे कोणी समजू नये. २७ ऑक्टोबर १९४७ ची सकाळ या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे. भारत सरकारशी करावयाच्या जैसे थे कराराचा मसुदा निजामाच्या कार्यकारी मंडळाने सहा विरुद्ध तीन मतांनी मान्य केला होता आणि स्वतः निजामानेही त्यास संमती दिली होती. शिष्टमंडळ दिल्लीस निघावयाचे, तोच पहाटे हजारोंच्या जमावाने पंतप्रधान छत्तारीचे नवाब आणि इतर सभासदांच्या घरांस वेढा घातला. शिष्टमंडळ गेले नाही. छत्तारीच्या नवाबांनी पद सोडले, पुढे मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि राज्याचे सुकाणू रझवींच्या मर्जीवर फिरू लागले. राज्यातील सर्वांत सुशिक्षित, सर्वांत सुरक्षित अशा सहा माणसांचे मत एका सकाळच्या जमावाने पुसून टाकले. कारण हा जमाव म्हणजेच लोक, असे त्यांनी मानले, अथवा मानल्यासारखे केले. पुढे २३ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने रेडिओवरून जे भाषण केले, त्यात एका लहानशा टोळीने दहशतीने राज्य बळकावून आपणांस असहाय केले, असे सांगितले. यात स्वतःचा बचाव किती आणि सत्य किती, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण जगातील सर्वांत धनाढ्य म्हणून गणलेल्या माणसालाही ‘मी एकटा काय करणार?’ याखेरीज दुसरी सबब सुचली नाही, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

या मनोव्यापाराची पुढे प्रयोगशाळेत परीक्षाही झाली. १९५१ च्या सुमारास अमेरिकेत सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने विद्यार्थ्यांस काही रेषा दाखवून त्यांपैकी कोणती नमुन्याच्या रेषेएवढी आहे, असा पोरकट वाटावा इतका सोपा प्रश्न विचारला. मेख एवढीच होती की, खोलीतील बाकीचे सर्वजण आधीच पढविलेले होते आणि ते मुद्दाम चुकीचे उत्तर देत. एकट्या माणसास क्वचितच चुकणारा हा प्रश्न. परंतु अशा घोळक्यात सुमारे एकतृतीयांश वेळा परीक्षार्थीनेही डोळ्यांदेखत खोटे उत्तर दिले. हे आपल्या पंचतंत्राचेच नवे पाठांतर झाले. नवीन गोष्ट पुढे आहे. पढविलेल्या मंडळींत एकजण जरी खरे उत्तर देणारा बसविला, तरी चुकीच्या उत्तरांचे प्रमाण मूळच्या एकचतुर्थांशावर उतरले. परीक्षार्थीला बहुमत लागत नव्हते. आपण वेडे नाही, एवढे सांगणारा एक माणूस पुरत होता. गोष्टीतल्या ब्राह्मणास हाच चौथा माणूस वाटेत भेटला नाही.

हैदराबादेत तो भेटला. शोएबुल्ला खान हा उस्मानिया विद्यापीठाचा पदवीधर तरुण ‘रय्यत’ या उर्दू पत्रात काम करीत असे. ते पत्र सरकारने बंद केल्यावर नोव्हेंबर १९४७ मध्ये त्याने ‘इमरोज’ सुरू केले आणि त्यातून रझाकारांच्या अत्याचारांवर तो उघडपणे लिहू लागला. ऑगस्ट १९४८ मध्ये सात मुसलमान गृहस्थांनी एक निवेदन प्रसिद्ध केले : रझाकार संघटना मोडावी आणि संस्थानाने भारतात सामील व्हावे. त्या सातांत बाकर अली मिर्झा होते. फरीद मिर्झाही होते. हे दुसरे गृहस्थ महसूल खात्यातील अधिकारी. नांदेड जिल्ह्यात रझाकारांनी मांडलेला छळ पाहून त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला होता. शोएबुल्लाने हे निवेदन आपल्या पत्रात छापले. २१ ऑगस्टच्या रात्री कचेरीतून घरी परतत असता त्याला गाठून मारण्यात आले. ज्या हाताने तो लिहीत असे तो तोडण्यात आला आणि बरोबरच्या मेहुण्यासही जबर जखमा झाल्या. त्याच्या वयास अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती.

एका लहानशा वर्तमानपत्राची एवढी धास्ती का वाटावी? स्वामी रामानंद तीर्थ व त्यांचे सहकारी याहून किती तरी मोठे आंदोलन चालवीत होते. सरहद्दीपलीकडे उमरखेडसारख्या ठिकाणी सशस्त्र छावण्या उभ्या होत्या. पण त्यांस ‘परके’ म्हणून बाजूस सारता येत होते. शोएबुल्लास तसे म्हणता येईना. तो त्याच धर्माचा, त्याच भाषेत लिहिणारा, त्याच विद्यापीठात शिकलेला. तो जिवंत असेपर्यंत ‘सर्व मुसलमानांचे मत’ हे शब्द खोटे ठरत होते. प्रचारास बाहेरचा शत्रू हवाच असतो. त्यावर तर तो जगतो. त्यास सहन होत नाही तो घरातला चौथा माणूस.

येथेच लेख थांबविला असता तर आपल्यापैकी बहुतेकांस समाधान वाटले असते. पण तसे करणे म्हणजे तीन ठगांची गोष्ट सांगताना ठग नेहमी दुसऱ्याच गावचे असतात असे म्हणण्यासारखे होईल. १७ सप्टेंबरनंतरच्या आठवड्यांत संस्थानाच्या अनेक भागांत, आणि मराठवाड्यात विशेष करून, सामान्य मुसलमानांच्या कत्तली झाल्या, घरे लुटली गेली, स्त्रिया पळविल्या गेल्या. भारत सरकारने पंडित सुंदरलाल आणि ‘पयाम’ पत्राचे संस्थापक काझी अब्दुल गफ्फार प्रभृतींची मंडळी चौकशीस पाठविली. १९४८ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात ही मंडळी १६ पैकी ९ जिल्ह्यांत फिरली. मारल्या गेलेल्यांची संख्या २७,००० ते ४०,००० असावी, असा त्यांचा अंदाज होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड हे जिल्हे सर्वांत अधिक होरपळले असे त्यांनी नमूद केले. तो अहवाल त्या वेळी प्रसिद्ध झाला नाही आणि पुढे कित्येक दशके दप्तरात पडून राहिला.

रझाकारांचा जुलूम खरा होता. त्याने पोळलेली माणसे खरी होती. परंतु विणकर, शिंपी, पिंजारी यांच्या दारात जो जमाव उभा राहिला, त्याच्या तोंडी रझवींचेच वाक्य होते. फक्त टोक फिरविलेले. रझवी म्हणत होते, प्रत्येक मुसलमान राज्यकर्ता आहे. जमाव म्हणत होता, प्रत्येक मुसलमान रझाकार आहे. शोएबुल्ला खानाने प्राण देऊन खोटे पाडलेले ते वाक्य त्याच्या मृत्यूनंतर महिनाभराच्या आतच, त्याचे नाव घेण्याचा ज्यांस अधिकार होता अशांनी, पुन्हा खरे धरले. विजयी प्रचारकाची खूण हीच की, तो हरल्यानंतरही त्याचे शत्रू त्याच्याच भाषेत विचार करीत राहतात.

आणि तरीही त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे. जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांस वाचविणारे हिंदू या मंडळींस ठिकठिकाणी आढळले. एके ठिकाणी तर हिंदू विणकरांनी मुसलमान विणकरांच्या रक्षणासाठी हल्लेखोरांस तोंड दिले आणि त्यात काहींनी प्राणही गमावले. या विणकरांनी राज्यशास्त्र वाचलेले नसणार. त्यांचे सामर्थ्य कशात होते? मला वाटते, त्यांस ‘मुसलमान’ हा शब्द ऐकू येण्याआधी माणूस दिसत होता : शेजारच्या मागावर बसणारा, त्याच सावकाराचा देणेकरी, उसने सूत देणारा-घेणारा. ठग बोकडास कुत्रे म्हणत असता त्यांचे लक्ष खांद्यावरच्या वजनावर होते.

प्रचारास विरोध करावयाचा म्हणजे काही असामान्य बुद्धी अथवा धैर्य अंगी पाहिजे, अशी आपली समजूत असते आणि ती फार सोयीची असते. कारण मग आपल्यासारख्या सामान्यांस काहीच करावे लागत नाही. उपरोक्त उदाहरणे निराळे सांगतात. महसुली अधिकाऱ्याने खोट्या कारभारावर सही करण्याचे नाकारले, संपादकाने हाती आलेले निवेदन छापले, विणकराने शेजाऱ्याचे दार अडविले. प्रत्येकाने आपल्या धंद्याचे, आपल्या ओळखीचे, रोजच्या हातचे काम तेवढे सोडले नाही. तिघांनीही प्रथम आपल्याच माणसांचा रोष पत्करला. परक्याच्या खोट्यास खोटे म्हणणे यात पुरुषार्थ थोडा. आपल्या पंगतीत, आपल्या भावकीत, आपल्याच बाजूच्या आरोळीत एक शब्द खटकला असता तो उच्चारणे, हे कठीण आणि तेच उपयोगाचे. त्याने जमाव फिरेल असे नाही. पण त्या जमावात आणखी एखादा ब्राह्मण खांद्यावरचा बोकड चाचपीत उभा असतो, त्यास आपण एकटे नाही एवढे कळते.

देवगाव फाट्यासारख्या ठिकाणी बातमी आजही थांबलेल्या माणसांच्या बोलण्यातून फिरते. आता ती प्रत्येकाच्या खिशातल्या यंत्रातूनही येते आणि तिघांच्या जागी तीन हजार जण एकच गोष्ट सांगत असल्याचा भास क्षणात उभा करता येतो. ठगांची सोय वाढली आहे, युक्ती जुनीच आहे. येत्या १७ सप्टेंबरला मुलांस निजामाची गोष्ट सांगताना शोएबुल्ला खानाचे नाव सांगावे, आणि त्या निनावी विणकरांचीही आठवण करावी. मग एखादे मूल विचारील की, त्या वेळी आपल्या गावात काय झाले होते? त्या प्रश्नास खरे उत्तर देण्याची तयारी आपण ठेवली पाहिजे.