दूरचित्रवाणी अँटेना

दूरचित्रवाणी अँटेना हे जमिनीवरील प्रक्षेपण केंद्रातून येणाऱ्या रेडिओ लहरी ग्रहण करून त्यांचे विद्युत संदेशात रूपांतर करणारे साधन आहे. घराच्या छतावर लावल्या जाणाऱ्या अँटेनांमध्ये यागी-उदा अँटेना हा विशेष प्रचलित प्रकार होय. चित्राची गुणवत्ता प्रामुख्याने अँटेनाची उंची, दिशा आणि जोडणी यांवर अवलंबून असते. अँटेनापर्यंत न पोहोचलेला संदेश पुढील कोणतेही उपकरण निर्माण करू शकत नाही.

रचना

जपानमधील तोहोकू शाही विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांनी १९२६ मध्ये ही रचना मांडली. तिच्यात एका दांड्यावर धातूच्या समांतर नळ्या बसवलेल्या असतात. केबल जोडलेल्या नळीला द्विध्रुव म्हणतात. तिची लांबी सुमारे अर्ध्या तरंगलांबीइतकी असते. तिच्यामागे किंचित लांब परावर्तक आणि पुढे आखूड दिशादर्शक नळ्या असतात. अर्धी तरंगलांबी ५० मेगाहर्ट्‌झला ३ मीटर, तर ५०० मेगाहर्ट्‌झला ३० सेंटिमीटर भरते. त्यामुळे अँटेना केंद्राच्या वारंवारतेला जुळणारा असावा लागतो.

उंची

या लहरी साधारणपणे सरळ रेषेत जातात. मोकळ्या सपाट प्रदेशात ३०० मीटर उंचीच्या मनोऱ्यावरील प्रक्षेपणासाठी ९ मीटर उंचीवरील अँटेनाची रेडिओ-क्षितिजमर्यादा सुमारे ८४ किलोमीटर येते. डोंगर आडवा आल्यास ही मर्यादा पुष्कळ घटते. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. मात्र पुणे सह्याद्रीपलीकडे असल्याने तेथील प्रेक्षकांसाठी १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण केंद्र उभारण्यात आले.

दिशा

अँटेनाचे आखूड नळ्यांचे टोक केंद्राकडे ठेवतात. प्रक्षेपण आडव्या ध्रुवीकरणाचे असल्यास नळ्या जमिनीला समांतर असाव्या लागतात. इमारतींवरून परावर्तित लहरी उशिरा पोहोचल्यास अॅनालॉग चित्रात दुहेरी प्रतिमा दिसते. अशा वेळी अँटेना थोडा वळवून परावर्तित लहर त्याच्या क्षीण ग्रहणाच्या दिशेला आणता येते.

केबल आणि प्रवर्धक

दुमडलेल्या द्विध्रुवाचा संरोध सुमारे ३०० ओहम, तर नेहमीच्या समाक्ष केबलचा ७५ ओहम असतो. दोहोंमध्ये ४:१ प्रमाणाचा बॅलन न बसवल्यास काही ऊर्जा वाया जाते. गंजलेले सांधे आणि पाणी शिरलेली केबल हीदेखील संदेश क्षीण होण्याची कारणे आहेत. प्रवर्धक संदेशाबरोबर गोंगाटही वाढवतो. म्हणून तो दूरचित्रवाणी संचाजवळ न ठेवता, केबलमध्ये संदेश घटण्यापूर्वीच, अँटेनाजवळ बसवणे परिणामकारक ठरते.

डिजिटल ग्रहण

अॅनालॉग चित्र संदेश घटेल तसे हळूहळू बिघडते आणि पडद्यावर ‘मुंग्या’ दिसू लागतात. डिजिटल चित्र विशिष्ट पातळीपर्यंत स्वच्छ राहते. त्याखाली ते चौकोनांत तुटते किंवा गोठते. त्यामुळे स्वच्छ दिसणारे चित्रही त्या मर्यादेच्या अगदी जवळ असू शकते. अँटेनाची दिशा केवळ चित्र पाहून न ठरवता ग्राहक संचावरील संदेश-गुणवत्तेच्या मापकानुसार ठरवतात.

सुरक्षितता

अँटेनाचा धातूचा खांब वीजवाहिन्यांपासून दूर उभारणे आणि त्याला भूसंपर्क देणे आवश्यक असते. वादळी हवामानात छतावर अँटेना हाताळणे धोकादायक असते.